पेंटिक्टन व्हीज : पीचच्या गावातला, आता नसलेला जगज्जेता हॉकी संघ

ओकानागनकर

गेली अकरा वर्षं आम्ही पेंटिक्टनला राहतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओकानागन नावाचं खोरं आहे, त्याच्या दक्षिण भागात हे गाव. उत्तरेला ओकानागन तळं, दक्षिणेला स्काहा तळं, मधल्या पट्ट्यात वस्ती आणि आजूबाजूला चेरी, पीच, सफरचंद, द्राक्षं. इथली माणसं मनापासून ज्याचा अभिमान बाळगतात, त्या बर्फावरच्या हॉकीच्या संघाबद्दल मराठीत काहीच लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

मुलगी लहान असताना तिला स्केटिंगला मेमोरियल अरीनात न्यायचो. महायुद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९५१ मध्ये बांधलेली ही रिंक. स्केटच्या नाड्या नुसत्या बोटांनी घट्ट बसत नाहीत. आकडा घालून खालपासून एकेक वेढा खेचत वर यावं लागतं, नाहीतर घोटा डगमगतो. मी वाकून ते करत होतो. शेजारी एक आजोबा आपल्या नातवाच्या नाड्या ओढत होते. हात न थांबवता म्हणाले, "ह्याच बर्फावर जगज्जेते सराव करायचे. मी आठ वर्षांचा होतो."

मला वाटलं, गावातला एखादा खेळाडू पुढे राष्ट्रीय संघात गेला असेल. पण तसं नव्हतं. अख्खा संघच गावाचा होता.

आज हे पटत नाही, म्हणून त्या काळची व्यवस्था सांगतो. कॅनडाचे सर्वांत तगडे खेळाडू एनएचएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये पैसे घेऊन खेळत आणि जागतिक स्पर्धेत व्यावसायिकांना मज्जाव होता. म्हणून कॅनडा निवडक राष्ट्रीय संघ न पाठवता एखादा सीनियर क्लब उचलून पाठवी. सीनियर म्हणजे ज्युनियरचं वय उलटलेले, पण हॉकीवर पूर्ण पोट नसलेले लोक. कुणी गिरणीत, कुणी दुकानात, कुणी बागेत काम करायचा आणि संध्याकाळी बर्फावर उतरायचा. ह्या संघांचा देशातला सर्वोच्च मान म्हणजे ॲलन चषक. सर माँटेग्यू ॲलन ह्यांनी तो १९०८ मध्ये दिला. लहान लहान गावं ह्या चषकासाठी जीव टाकत.

पेंटिक्टनची लोकसंख्या तेव्हा साधारण दहा हजार. रिंक झाली आणि त्याच सुमारास संघ उभा राहिला. नाव 'व्हीज', म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराचं अनेकवचन. खोऱ्यात पिकणाऱ्या पीचच्या तीन जातींची नावं व्हीपासून सुरू होतात : व्हॅलियंट, व्हेडेट, व्हेटरन. संघाला वाघ-सिंहाचं नाव न देता बागेतल्या फळाचं दिलं, हे मला फार आवडतं.

संघाचा कणा होता वॉर्विक भावांचा : ग्रँट, बिल आणि डिक. ग्रँट थोरला. न्यूयॉर्क रेंजर्सकडून खेळताना १९४२ मध्ये तो एनएचएलचा सर्वोत्तम नवोदित ठरला होता. पुढे बॉस्टन आणि माँट्रियलकडूनही खेळला. ती कारकीर्द संपल्यावर तो इथे आला, खेळाडूही झाला आणि प्रशिक्षकही. बिल रेंजर्सकडून मोजकेच सामने खेळलेला. डिक कधी एनएचएलपर्यंत पोचला नाही.

१९५४ च्या ॲलन चषकाच्या अंतिम मालिकेत समोर होते ऑन्टॅरियोचे सडबरी वुल्व्हज. सातांपैकी चार सामने जिंकायचे. व्हीज ३-१ ने मागे पडले, आणि तिथून ओळीने तीन सामने जिंकून त्यांनी चषक घरी आणला.

पण त्याच वसंतात दुसरीकडे वेगळंच घडलं होतं. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेत उतरला आणि स्टॉकहोममध्ये त्याने कॅनडाला ७-२ असं हरवलं. कॅनडातर्फे खेळत होता टोरोंटोजवळचा ईस्ट यॉर्क लिंडहर्स्ट्स हा क्लब. देशभर संतापाची लाट उसळली. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि हॉकी हा ह्या लोकांना आपल्या घरचा खेळ वाटतो. तेव्हा पुढच्या वर्षी कोण जाणार, ह्याकडे सगळ्या देशाचं लक्ष लागलं होतं. गेले ते पेंटिक्टनचे लोक.

१९५५ ची स्पर्धा पश्चिम जर्मनीत झाली : क्रेफेल्ड, डॉर्टमुंड, कोलोन, ड्युसेलडॉर्फ. नऊ देश, प्रत्येकाशी एकेक सामना. व्हीजने अमेरिकेला १२-१, चेकोस्लोव्हाकियाला ५-३, पोलंडला ८-०, फिनलंडला १२-०, स्वित्झर्लंडला ११-१, पश्चिम जर्मनीला १०-१, स्वीडनला ३-० असं हरवलं. सोव्हिएत संघही तोवर एकही सामना हरला नव्हता. शेवटचा सामना ६ मार्च १९५५, रविवार, क्रेफेल्ड. जो जिंकेल तो जगज्जेता.

व्हीज ५-० ने जिंकले. बिल वॉर्विकचे दोन, माइक शबागाचे दोन आणि बचावपटू जॉर्ज मॅकॅव्हॉयचा एक. गोलरक्षक आयव्हन मॅक्लेलंडने शेवटपर्यंत एकही पक आत जाऊ दिला नाही. तेव्हा गोलरक्षक तोंडावर मुखवटा घालत नसत, हे लक्षात घ्या. समोर सोव्हिएत संघाचा बोब्रोव्हसारखा नावाजलेला खेळाडू, टणक रबराची चकती अंगावर येतेय आणि चेहरा उघडा.

आठ सामन्यांत ६६ गोल केले, ६ खाल्ले. रेडिओवर फॉस्टर ह्युइट सामना सांगत होता. अरीनातले ते आजोबा म्हणाले, "वडील कुणाला खुर्चीसुद्धा सरकवू देत नव्हते. आवाज मध्येच जायचा, परत यायचा. मी रेडिओच्या लाकडाला हात लावून उभा होतो. वाटायचं, हात काढला तर आवाज जाईल."

आणि मग सहा वर्षांत सगळं संपलं. १९६१ नंतर ओकानागनची सीनियर लीगच उरली नाही. जगज्जेता संघ एवढ्या लवकर नाहीसा कसा होतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माझं मत खाली चर्चेत मांडेन, आधी तुमचं ऐकायचंय.

---

दवबिंदू

सुंदर लिहिलंय. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवं मैदान. बर्फावरची हॉकी म्हणजे नुसती मारामारी, असा समज होता. रेडिओवर हात ठेवून उभा असलेला मुलगा वाचला आणि घशात आवंढा आला.

एक शंका. ग्रँट वॉर्विक एनएचएलमध्ये पैसे घेऊन खेळला होता ना? मग हौशी खेळाडूंच्या स्पर्धेत चालला कसा?

---

ओकानागनकर

दवबिंदू, धन्यवाद. शंका अगदी रास्त आहे, आणि ती तेव्हाही घेतली गेली होती. व्यावसायिक हॉकी सोडून आलेल्या खेळाडूला हौशी म्हणून परत मान्यता मिळवता येत असे. अर्ज करायचा, मान्यता मिळाली की सीनियर हॉकी खेळायची मुभा. ग्रँट ह्याच वाटेने आला.

दुसरी बाजू अशी की सोव्हिएत खेळाडू कागदावर सैन्यातले अधिकारी असत, आणि दिवसभर करत काय, तर हॉकी. दोन्हीकडचं 'हौशीपण' ओढूनताणून आणलेलं होतं. तरी मला फरक दिसतो. पेंटिक्टनच्या संघात एनएचएलचं तोंडही न पाहिलेले बरेच जण होते आणि घरी परतल्यावर त्यांना कामावर हजर व्हायचं होतं.

---

शून्य_अंश

मी कॅलगरीत असतो, हॉकीचा वेडा आहे. थोडी भर घालतो.

त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांत अंगावर धडक फक्त आपल्या बचावाच्या भागात मारता येई. सगळ्या मैदानभर मुभा मिळाली ती १९६९ मध्ये. कॅनडाचे लोक मात्र घरी सगळीकडे धडका मारत वाढलेले. त्यामुळे व्हीज युरोपात गेले तेव्हा धसमुसळे म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती साफ खोटी नव्हती. पण त्यांना नुसते गुंड म्हणणाऱ्यांनी ६६ आणि ६ हे आकडे बघावेत. धडका मारून ६६ गोल होत नसतात. पक पुढे नेता यावा लागतो, पास जागेवर पोचावा लागतो.

बिल वॉर्विक त्या स्पर्धेतला सर्वोत्तम आघाडीपटू ठरला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मात्र अमेरिकेच्या डॉन रिगाझिओला मिळाला. आठ सामन्यांत सहा गोल खाल्लेल्या संघाच्या गोलरक्षकाला तो मिळाला नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

अजून एक. व्हीजचा राखीव गोलरक्षक होता डॉन मूग. त्याचा मुलगा अँडी मूग १९६० मध्ये पेंटिक्टनलाच जन्मला आणि ऐंशीच्या दशकात एडमंटन ऑयलर्सच्या, एनएचएलचा स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या संघांत गोलरक्षक होता.

---

रानजाई

व्हीजचं कौतुक वाचलं, पण ट्रेलचं नाव अजून कुणी घेतलं नाही? ट्रेल स्मोक इटर्स! त्याच प्रांतात, पूर्वेला कूटनी भागात, शिसं-जस्त वितळवणाऱ्या कारखान्याचं गाव. माझा नवरा तिथे कामाला होता, आम्ही चार वर्षं राहिलो. टेकडीवरून बघितलं की आधी धुराडी दिसतात, मग गाव.

ट्रेल दोनदा जगज्जेतं झालं : १९३९ मध्ये आणि १९६१ मध्ये. १९६१ ला जिनिव्हात त्यांनी सोव्हिएत संघाला ५-१ असं हरवलं. गोलरक्षक सेथ मार्टिन, प्रशिक्षक-खेळाडू बॉबी क्रॉम. त्यानंतर कॅनडाला जगज्जेतेपद थेट १९९४ मध्ये मिळालं, तेहेतीस वर्षांनी! माझ्या मते लहान गावाच्या हॉकीचा खरा कळस ट्रेल आहे.

---

ओकानागनकर

रानजाई, ट्रेलला मी मनापासून मानतो आणि त्यांचं यश मोठं आहे हे कबूल. पण ट्रेलच्या पाठीशी कारखाना होता. खेळाडूला तिथे नोकरी मिळे. पेंटिक्टनच्या मागे तसं काही नव्हतं. फळबागा, दुकानं आणि तिकिटं काढणारे प्रेक्षक, एवढंच बळ. म्हणून तर ट्रेलचा सीनियर संघ पुढेही बरीच वर्षं तगला आणि व्हीज मात्र लवकर विझले, असं मला वाटतं.

आता माझं मत मांडतो. ह्या मरणाचं कारण सगळे 'टीव्ही आला' असं सांगतात. ते खरं आहे. १९५२ पासून एनएचएलचे सामने कॅनडात टीव्हीवर दिसू लागले आणि १९५७ मध्ये केलोनाला सीएचबीसी हे केंद्र सुरू झालं, म्हणजे टीव्ही थेट ह्या खोऱ्यात आला. शनिवारी रात्री घरबसल्या माँट्रियल आणि टोरोंटो दिसत असताना थंडीत रिंकवर कोण जाणार?

पण मला दुसरंही कारण दिसतं. जिंकण्यानेच हे संघ महाग झाले. ओकानागनच्या लीगमध्ये पेंटिक्टन, केलोना पॅकर्स, व्हर्नन कॅनेडियन्स आणि कॅमलूप्स एल्क्स. सगळी गावं एकमेकांपासून काही तासांवर, सगळ्यांची ईर्ष्या टोकाची. पेंटिक्टनने १९५४ ला ॲलन चषक आणला तर व्हर्ननने १९५६ ला आणला. केलोनाचा संघ १९५७ मध्ये थेट मॉस्कोला जाऊन खेळून आला! शेजारचं गाव एवढं करतंय म्हटल्यावर आपणही बाहेरून चांगला खेळाडू आणायचा, त्याला पैसे द्यायचे, नोकरी शोधून द्यायची. गल्ला तेवढाच, खर्च दुप्पट. दहा हजारांचं गाव हे किती वर्षं ओढणार?

आणि अशा लीगचं एक असतं, एकटं कुणी जगत नाही. शेजारचा संघ बंद पडला की तुमचे सामने कुणाशी? तुमचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी हाच तुमचा सर्वांत मोठा आधार असतो.

---

गिरणगाव

शेवटचा परिच्छेद वाचला आणि लिहायला बसलो. एरवी मी नुसता वाचतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीच्या संघाकडून कबड्डी खेळायचे. पाळी संपली की मातीत. शेजारच्या गिरणीच्या संघाशी सामना असला की चाळीच्या गॅलरीत उभं राहायला जागा नसे. १९८२ चा संप झाला. पहिली त्यांची गिरणी बंद पडली नाही, शेजारची पडली. दादा, म्हणजे वडील, तेव्हा म्हणाले होते, "आता आपलंही संपलं." आई चिडली, म्हणाली, असं अभद्र का बोलता? ते पगाराबद्दल बोलत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

कुठे ते बर्फाचं गाव आणि कुठे परळ, पण तुम्ही लिहिलेलं मला नेमकं समजलं.

---

ओकानागनकर

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दादांवर सवडीने स्वतंत्र लिहा. त्या संघाचा एखादा फोटो असेल तर जपून ठेवा आणि मागच्या बाजूला नावं लिहून ठेवा. इथेही जुन्या फोटोंत नावं नसलेले चेहरे फार आहेत.

---

कोकणकडा

एक प्रामाणिक प्रश्न. पेंटिक्टन व्हीज तर आजही आहे ना? गुगलवर टाकलं की तरुण मुलांचा संघ दिसतो, तिकिटंही विकली जातायत. मग 'आता नसलेला' कसं?

---

शून्य_अंश

तो ज्युनियर संघ, वीसएक वर्षांपर्यंतच्या मुलांचा. आधी नाव पँथर्स होतं, २००४ पासून त्यांनी व्हीज हे जुनं नाव घेतलं. २०१२ मध्ये त्यांनी ज्युनियर ए गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, आणि त्याच मोसमात सलग ४२ सामने जिंकले होते. २०२५ पासून ते वेस्टर्न हॉकी लीगमध्ये खेळू लागले. खरोखर चांगला संघ आहे.

---

ओकानागनकर

बरोबर. त्यांचे सामने साउथ ओकानागन इव्हेंट्स सेंटरमध्ये होतात, २००८ ची नवी इमारत. तिथेच ब्रिटिश कोलंबियाचं हॉकी हॉल ऑफ फेमही आहे. मी सामन्यांना जातो, ओरडतो, मुलीला जर्सीही घेतली आहे.

पण ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो फरक पुसला जाऊ नये असं मला तळमळीने वाटतं. ज्युनियर संघातली मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. दूरदूरहून येतात, इथल्या कुटुंबांकडे राहतात, दोन-तीन वर्षांनी पुढे जातात. जायलाच हवं, त्यांचं आयुष्य पुढे आहे. जुने व्हीज मात्र गावात राहणारे पुरुष होते. वॉर्विक भावांचं इथे स्वतःचं कॅफे होतं. काल रात्री ज्याने गोल केला, त्याच्याकडे आज सकाळी तुम्ही कॉफी प्यायला बसलेले. चुकला असेल तर तोंडावर सांगायचीही सोय. गावाचा संघ म्हणतात तो असा, आणि असा संघ आता इथे नाही. नाव आहे, जर्सी आहे, पण मोठ्या माणसांची ती हॉकी गेली.

कॅनडाची व्यवस्थाही बदलली. १९६३ नंतर फादर डेव्हिड बाउअर ह्यांनी विद्यार्थी-खेळाडूंचा कायमचा राष्ट्रीय संघ उभा केला आणि क्लब पाठवण्याची पद्धत मागे पडली. क्लब परत पाठवले असते तर बहुधा ते हरलेच असते, सोव्हिएत संघ तोवर फार पुढे गेला होता. १९५६ च्या ऑलिंपिकमध्येच त्याची झलक दिसली होती. तिथे किचनर-वॉटर्लू डचमेन सोव्हिएत संघाकडून २-० ने हरले आणि कॅनडाला कांस्यावर समाधान मानावं लागलं. तेव्हा बाउअर ह्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एका गावाला 'जा, देशाची अब्रू राख' असं सांगायचे दिवस संपले, एवढंच.

---

रानजाई

मोठ्या माणसांची हॉकी हे पटलं. ट्रेलमध्येही आता ज्युनियर संघच स्मोक इटर्स नाव लावतो. वाद मागे घेते, पण दोनदा जिंकलो हे विसरू नका. :)

व्हीजच्या त्या जगज्जेतेपदाच्या करंडकाचं काय झालं? कुठेतरी ऐकलं होतं की खरा करंडक परत गेलाच नाही?

---

ओकानागनकर

हो, ती गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बिल वॉर्विक ती उघडपणे सांगायचा. जिंकलेला करंडक वर्षभराने परत करायचा होता. बिलने त्याची हुबेहूब नक्कल करून घेतली आणि ती परत पाठवली. खरा ठेवून घेतला.

नियमाने बघाल तर हे चूक आहे. पण जो माणूस परत एकदा बर्फावर त्या उंचीला जाणार नाही हे ओळखून होता, त्याने ती वस्तू हातची सोडली नाही, ह्यासाठी मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

---

दवबिंदू

सुरेख धागा. माझा बारीकसा शेवटचा प्रश्न : त्या तीन पीचच्या जाती आता मिळतात का? व्हॅलियंट, व्हेडेट, व्हेटरन?

---

ओकानागनकर

दवबिंदू, हाच प्रश्न मी गेल्या ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या एका फळांच्या स्टॉलवर विचारला. ह्या जाती मूळच्या ऑन्टॅरियोतल्या व्हाइनलंड संशोधन केंद्राच्या. तिथे काढलेल्या पीचना व्हीवरूनच नावं देत. आता बाजारात दुसऱ्या जाती असतात, जास्त लाल, जास्त टणक, ट्रकमध्ये न चेमटणाऱ्या.

स्टॉलवरच्या बाई म्हणाल्या, विकायला नाहीत, पण या. मागे घराजवळ एक जुनं झाड होतं, खोडाला चिरा पडलेल्या, एक फांदी टेकूवर. त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं. व्हेटरन. फळ दिसायला साधं, पिवळं, कडेला किंचित लाली. त्यांनी एक तोडून हातात दिलं. साल बोटानेच निघाली आणि रस थेट मनगटापर्यंत आला. मुलीने तिचं तिथेच उभ्याउभ्या संपवलं आणि बी धुऊन खिशात घातली. कुंडीत लावली आहे. अजून उगवली नाही, पण पीचच्या बीला थंडी लागते म्हणतात, म्हणून हिवाळाभर बाहेरच ठेवणार आहोत.